मामाचे पंखे आणि पंधरा मिनिटांचा हिशोब

मागच्या आठवड्यात साक्रीला मामाकडे गेलो होतो. पावसाने ओढ दिलेली, वारा मात्र असा की ओट्यावर पेपर धरून वाचता येईना, आणि तिकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पंखे गरागरा चालू (आमच्याकडे पवनचक्की कोणी म्हणत नाही, पंखेच म्हणतात). मक्याला पाणी द्यायचं होतं आणि शेतीची लाईट रात्रीची. मामाने नेहमीचा प्रश्न टाकला, "पंखा त फिरी ऱ्हायनात, मंग आमनी लाईट कोठे जास रे भाचा?"

आता मी इलेक्ट्रिकलवाला म्हटल्यावर सुटका नाही. सांगितलं, मामा, ही वीज ग्रीडमध्ये, म्हणजे तारांच्या मोठ्या जाळ्यात जाते, तिथून राज्यभर. तुझ्या फीडरला, म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या लाईनला, कधी लाईट द्यायची ते पंख्यांवर ठरत नाही. आणि ग्रीडचं गणित म्हणजे पंगतीतल्या भाकरीसारखं, जेवढी थापली तेवढी त्याच क्षणाला कोणीतरी खाल्ली पाहिजे, नाहीतर ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी वरखाली होते आणि जास्तच हलली तर प्रोटेक्शन (आपोआप चालणारी सुरक्षा यंत्रणा) एकेक करून लाईनी तोडायला लागतं.

दीपनगरच्या कोळशाच्या वीजसंचाला कमीजास्त व्हायला जरा वेळ लागतो पण तो सांगितलेलं ऐकतो. वारा कोणाचं ऐकतो? वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटरवरून ८ वर आला ना, तर वीज जवळजवळ निम्मी होते, कारण वेगाचा घन येतो मध्ये. आणि उलटी गंमत म्हणजे वारा फारच सुटला, साधारण २५ मीटरच्या वर, तर पंखा स्वतःला वाचवायला बंदच होतो, म्हणजे फुल चालू असलेला पंखा एकदम शून्यावर. मामाला हे काही पटेना, "वारा जास्त त लाईट बंद?"

म्हणून दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात किती वीज येईल ते पंखेवाल्यांना आधी कळवावं लागतं, महाराष्ट्रात २०१८ पासून तसा नियमच आहे. अंदाज ठराविक मर्यादेपेक्षा जास्त चुकला तर पैसे भरा. एका पंख्याचा अंदाज हमखास चुकतो, पण साक्री, सातारा, सांगली सगळे एकत्र धरले तर एकाची चूक दुसरा बऱ्यापैकी झाकतो. तरी खड्डा पडलाच तर कोयनेसारखं पाण्यावरचं मशीन लागतं, ते काही मिनिटांत उभं राहतं.

पण मला खरी भीती वारा पडण्याची वाटतच नाही. तो पडला तरी हळूहळू पडतो, अंदाजात दिसतो. सगळे पंखे एकदम ग्रीडमधून बाहेर पडले तर मात्र वाट लागते. २८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात तेच झालं, वादळाने टॉवर पाडले, व्होल्टेज पाठोपाठ दचके खायला लागला, आणि ठराविक वेळा दचके बसले की वीज कमी करायची अशी सेटिंग बऱ्याच पंख्यांच्या आत होती. सात सेकंदात ४५६ मेगावॅट गेले, शेजारच्या राज्यातून येणाऱ्या लाईनवर सगळा भार आला, ती प्रोटेक्शनने तोडली आणि अख्खं राज्य अंधारात. वारा तेव्हा भरपूर होता! नंतर ती सेटिंग बदलली. सॉफ्टवेअरमधला एक आकडा, बाकी काही नाही. पुढच्याच वर्षी तिथे १०० मेगावॅटची बॅटरी बसवली, ती सेकंदाच्या आत वीज देते.

बॅटरी म्हटल्यावर मामा उठला, कोनाड्यातली घेतली, दाबून पाहिली, पिवळट उजेड पडला. रात्री बाराला लाईट आली तसा तीच घेऊन मळ्यात गेला. मागे पंखे चालूच होते.