अभंगाची अक्षरं मोजताना

अभंगाचं छंदविश्लेषण करायला बसलं की बरेच जण सवयीने लघु-गुरूच्या (ऱ्हस्व-दीर्घ उच्चाराच्या) खुणा मांडू लागतात. मनाच्या श्लोकांना ते शोभतं. तिथे भुजंगप्रयात वृत्त आहे, म्हणजे ओळीत चार य-गण (लघु-गुरू-गुरू), बारा अक्षरं, लघु-गुरूंचा क्रम पक्का. अभंगात त्या खुणांचा उपयोग नाही. इथे अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण, म्हणजे चार तुकडे; अक्षरांचा साचा ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत.

तुकोबांचा सगळ्यांना पाठ असलेला अभंग घ्या:

सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी ।
कर कटावरी । ठेवोनिया ॥

सहा, सहा, सहा, चार. विटेवरी-कटावरी हे यमक. दोन ओळींत छापलं की ते पहिल्या ओळीच्या शेवटी आणि दुसरीच्या मध्यावर येतं. फक्त ओळींची टोकं बघणाऱ्याला अभंग निर्यमक वाटतो. म्हणून आधी चरण तोडायचे, मग यमक शोधायचं.

पुढच्या कडव्यात मात्र ‘तुळसीहार गळा’ सात भरतं, ‘आवडे निरंतर’ही सात. त्यानंतर ‘तळपती श्रवणी’ आणि ‘कंठी कौस्तुभमणी’, पुन्हा सात-सात. छंद मोडला म्हणून इथे शेरा मारायची घाई नको. मोठ्याने म्हणा: तुळ्सी, आव्डे, तळ्पती, कौस्तुभ्मणी. बोलताना मधला ‘अ’ गळतो आणि कानाला सहाच ऐकू येतात. अर्थात हा नियम सरसकट लावला तर ‘आवडीने’ची तीनच अक्षरं उरतील. साचा आधी कानात हवा, गळती गरजेपुरतीच.

ही ढिलाई पहिल्या तीन चरणांतच आहे, हे या अभंगात मला सगळ्यात लक्षणीय वाटतं. चौथा चरण बघा: ठेवोनिया, हेचि ध्यान, विराजित, आवडीने. चारही वेळा नेमकी चार अक्षरं, आणि यमकाचं बंधन नाही. यमक तिसऱ्यावर मिटलेलं असतं, त्यामुळे चौथा आखूड चरण कडवं थांबवतो. काही प्रतींत ‘ठेवूनिया’ असतं, मोजणी तीच.

पुनरुक्ती शोधताना नुसतं ध्रुपद (परत परत म्हटली जाणारी ओळ) दाखवून थांबू नये. ‘ध्यान’ पहिल्या चरणात येतं आणि दुसऱ्या कडव्याच्या अखेरीस परततं. त्याच कडव्यातलं ‘आवडे’ शेवटी ‘आवडीने’ होतं. आवड आधी ध्यानाला जोडलेली होती. शेवटी ती ‘तुका म्हणे’नंतर, पाहणाऱ्याकडे आली आहे.