मानाची खुर्ची: आसन खचायला लागलं, आवाज अजून बाकी

आता सांगाडा उभा आहे आणि त्यावर माणूस बसतो, म्हणून सविस्तर लिहितो. आधीचं माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: एका चित्रकार मैत्रिणीच्या मांडणीशिल्पासाठी ही खुर्ची चालली आहे. विषय सत्कार. लांब टेबल, पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या, माइक, मागे बॅनर, आणि मधोमध मांडववाल्यांकडे असते तशी लाल मखमलीची, सोनेरी पाठीची खुर्ची. येणाऱ्याने बसायचं, शाल-नारळ घ्यायचा, फोटो काढून घ्यायचा. तेवढ्या वेळात आसन 60 मिमी खाली जातं. पाठ जागच्या जागी, त्यामुळे डोक्यामागचा सोनेरी कळस उंच होत जातो आणि सत्कारमूर्ती टेबलामागे बुटकी.

फसव्या खुर्च्यांचा इतिहास मोठा आहे. साल्झबुर्गजवळच्या हेलब्रुन राजवाड्यात मार्कुस सिटिकुस या आर्चबिशपने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी टेबलाभोवतीच्या स्टुलांतून कारंजी उडवायची सोय करून घेतली. पाहुणे खालून भिजायचे, यजमानाचं आसन तेवढं कोरडं. जॉन एव्हलिन या इंग्रज रोजनिशीकाराने 1644 मध्ये रोमच्या व्हिला बोर्गेझेत बसणाऱ्याला स्प्रिंगांनी जखडून ठेवणारी खुर्ची पाहिल्याचं लिहून ठेवलंय. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ग्रीनव्हिलची डीमुलिन ब्रदर्स ही कंपनी तर गुप्त मंडळांच्या दीक्षाविधीसाठी कोसळणाऱ्या खुर्च्या कॅटलॉग छापून विकायची. आपल्याकडे मयसभा आहेच, पण तिचे परिणाम सगळ्यांना ठाऊक आहेत. या सगळ्यांत मला खटकतं ते एकच: गंमत फक्त यजमानाची. शिवाय खुर्ची ओढणं किंवा कोसळवणं हा प्रकार मला मुळात मान्य नाही. माणूस माकडहाडावर आपटला तर महिनोन्‌महिने नीट बसता येत नाही. आमच्या खुर्चीत धक्का नाही. जे काही व्हायचं ते इतकं सावकाश व्हावं की बसणाऱ्याआधी बघणाऱ्याला कळावं.

आता यंत्रणा. आसन खाली नेण्यासाठी सगळे आधी कात्रीच, म्हणजे फुलीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांची मिटती-उघडती जोडणी, सुचवतात. कात्री मिटत आली की पिनांवर प्रचंड जोर येतो, आसन कडेला डुलतं, आणि दोन पात्यांमध्ये बोट सापडायची भीती वेगळीच. म्हणून समांतर भुजा घेतल्या. 150 मिमी लांबीच्या चार भुजा, एक टोक सांगाड्याला, दुसरं आसनाच्या चौकटीला. भुजा आडव्या स्थितीच्या 30 मिमी वर सुरू होतात आणि 30 मिमी खाली थांबतात. आसन सपाटच राहतं आणि अख्ख्या प्रवासात पुढे-मागे जेमतेम 3 मिमी सरकतं. तेवढं कुणाच्या लक्षात येत नाही.

वेग आवरायला दाराचा हायड्रॉलिक क्लोजर (दार आपोआप सावकाश बंद करणारं, आत स्प्रिंग आणि तेल असलेलं यंत्र) वापरलाय. जुन्या बाजारात पडून असतात. तेल गळत नाही ना आणि झडपेच्या स्क्रूची खाच शाबूत आहे ना, एवढं बघून घ्यायचं. याची खुबी अशी की दार उघडताना तेल झडपेतून मोकळं वाहतं आणि बंद होताना त्याला बारीक वाटेने जावं लागतं. म्हणजे रोध एकाच दिशेला. त्याच्या पिनियनवर, म्हणजे बाहेर आलेल्या फिरत्या दांड्यावर, 60 मिमीची भुजा बसवून ती आसनाला अशी जोडली की आसन खाली जाणं म्हणजे दार बंद होणं. माणूस बसला की सावकाश उतरतो. उठला की बाजूच्या दोन ताणस्प्रिंगा आसन झटकन वर आणतात, आणि पुढच्या माणसाला खुर्ची अगदी नॉर्मल दिसते.

स्प्रिंगांचं गणित मात्र डोकं खाणारं होतं. क्लोजरची स्वतःची स्प्रिंग आसनाला साधारण 20 किलोने खाली ओढते, आसनाचं वजन 6 किलो. वर आणायला स्प्रिंगांचा जोर याहून जास्त हवा, म्हणून वरच्या टोकाला 30 किलो धरला. खाली जाताना त्या ताणल्या जाऊन 45 पर्यंत पोचतात. म्हणजे आसनावर 20 किलो आले तरी पुरतं. पाय जमिनीवर असल्यामुळे पूर्ण वजन आसनावर येतच नाही, हे हिशेबात धरावं लागतं. तरीही शाळकरी पोरं आरामात खचतात. वजनदार माणूस थोडा लवकर उतरतो, पण फरक वाटला होता त्यापेक्षा कमी पडतो.

सध्या साधारण 45 सेकंदांत 60 मिमी. मैत्रिणीला दोन मिनिटं हवी आहेत. ते या क्लोजरला झेपत नाही: झडप जवळजवळ बंद केली की स्क्रू केसभर हलला तरी वेळ दुप्पट होतो. क्लोजरला दुसरीही झडप असते, दार शेवटी कडीत बसावं म्हणून शेवटच्या काही अंशांत वेग वाढवणारी. ती उघडली तर शेवटचा सेंटिमीटरभर आसन धपकन बसतं. दोन मित्रांना तेच जाम आवडलं. मी ती कसून बंद केली.

चाचणीत एक मजेशीर गोष्ट दिसली. उतरणं माणसाला बुडाला कळत नाही, कोपराला कळतं. खुर्चीचे हात स्थिर असले की कोपर वर ढकलले जातात आणि माणूस सावरून बसतो, खाली बघतो, संपलं. म्हणून खुर्चीचे हात पाठीपासून सोडवून आसनाच्या चौकटीवर घेतले. आता तीच माणसं शाल सावरत हसत बसतात, आणि हनुवटी माइकच्या खाली गेली की माइकच वाकवून घेतात. खुर्चीवर संशय कुणी घेत नाही!

सुरक्षिततेबद्दल: झालरीच्या आत चारी बाजूंनी प्लायचे पडदे लावलेत, पदर किंवा ओढणी भुजांपर्यंत पोचू नये म्हणून. फटी एकतर बोट शिरणारच नाही इतक्या बारीक, नाहीतर बोट मोकळं राहील इतक्या मोठ्या. बोल्टना नायलॉक, म्हणजे आपोआप सैल न होणारे, नट. कमरेचं दुखणं असलेल्यांना शेजारी उभा असलेला स्वयंसेवक आधीच सांगणार. एक खिट्टीही केली आहे, ती लावली की आसन हलत नाही. उद्घाटनाच्या पाहुण्यांना खिट्टी लावून बसवायचं की काढून, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

उरलेली कामं: आसन वर परतताना रबरावर ठक्क असा आवाज येतो, तिथे नमदा चिकटवून बघणार आहे. भुजांच्या सांध्यांत नायलॉनचे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) घातल्यापासून कुरकुर गेली. तेलाचा प्रश्न मात्र आहे. सकाळच्या गारठ्यात तेल घट्ट होऊन खुर्ची रेंगाळते, दुपारी भराभर उतरते, आणि दालनात एसी कधी चालू असेल ते कुणालाच माहीत नाही. तापमानाने फारसा न बदलणारा, निदान 60 मिमी सरकणारा, एकाच दिशेला रोध देणारा तेलाचा डँपर (हालचाल मंदावणारा दट्ट्या) कुणी वापरलाय का? कुठल्या यंत्रातून काढला आणि किती वजनाला टिकला, तेवढं सांगा. मखमल ताणायच्या आत बदलता येईल.