काटोल रोडची काळी माती अन् परवडणारं टोचन

नागपूरहून पश्चिमेला निघालं की फेटरी, कळमेश्वर, काटोल, सगळा काळ्या मातीचा पट्टा. बेसाल्ट झिजून झालेली ही माती, मे महिन्यात तिच्या भेगांत अख्खा हात जाते आणि जुलैत तीच पाणी पिऊन फुगते. या मातीत टायरच्या खाचा चिखलानं भरल्या की टायर एकदम गुळगुळीत, मग फोर बाय फोर असो का आणखी काही, चाकं जागेवरच फिरतात. तिकडं मित्राच्या काकांची संत्र्याची बाग आहे, डांबरी रस्ता सोडून बरंच आत पांदणीनं जावं लागते, आणि पावसाळ्यात जायचं होतं म्हणून यावेळी आधी गाडी फसल्यावर लागणारं सामान जमवलं. माझी थार, मित्राची बोलेरो, बजेट तंग.

ऑनलाइन बघितलं तर ऑफरोडच्या नावावर जे किट विकून राहिले त्यात बॅग भारी, हातमोजे भारी, आणि शॅकलवर, म्हणजे पट्टे जोडायच्या लोखंडी कडीवर, किती टनाचा ते लिहिलेलंच नाही. मला ते पटत नाही बाप्पा. गाडी ओढताना ज्या वस्तूवर ताण येते ती तुटली तर माणूस मरू शकते, तिथं आकडा छापलेला पाहिजेच, बाकी ठिकाणी खुशाल पैसे वाचवा. म्हणून आम्ही सरळ इतवारीत गेलो, लोहा ओळीत, जिथं कारखान्यांना माल उचलायचं सामान मिळते. तिथं ऑफरोड वगैरे कोणी विचारत नाही, किती टन तेवढंच विचारतात.

पाऊण इंचाचा बो शॅकल घेतला, बॉडीवरच ४.७५ टन असा ठसा उमटवलेला. हा चालू वापराचा भार, तुटायचा आकडा याच्या कितीतरी पुढे असते. शेजारीच बिनाठशाचा चकाचक शॅकल निम्म्या भावात होता, तो दुकानदारानं स्वतःच बाजूला सारला, म्हणे भाऊ हा मंडपवाल्यांसाठी. मग पॉलिस्टरचे चपटे स्लिंग, क्रेनवाले माल उचलायला वापरतात ते पट्टे. यांचा रंगच भार सांगते, जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५, आणि नामवंत मालात सातपट सेफ्टी धरलेली असते, म्हणजे तुटायचा आकडा छापलेल्याच्या सातपट. ३ टनाचे दोन पिवळे घेतले, एक झाडाला गुंडाळायला अन् एक लांबी वाढवायला. पण हे ध्यानात ठेवा, पॉलिस्टर जवळपास ताणतच नाही, त्यामुळं स्लिंगनं फक्त हळू ओढायचं, झटका द्यायचा नाही. झटक्यासाठी, म्हणजे दुसरी गाडी वेग घेऊन ओढते तेव्हा, नायलॉनचा स्नॅच पट्टा वेगळा येते, तो साधारण २० टक्के ताणते, कायनेटिक रोप, म्हणजे त्याच कामाचा गोल दोर, त्याहून जास्त, साधारण ३० टक्के, आणि तो ताण सुटताना गाडी बाहेर येते. पट्ट्याची ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट पाहिजे, म्हणजे आमच्या दोन सव्वादोन टनाला ४ ते ७ टनाच्या आसपास. फार जाड घेतला तर हलक्या गाडीनं तो ताणतच नाही, मग त्याचा उपयोग काय. हा पट्टा मात्र नवाच घेतला, चांगल्या कंपनीचा, जुन्यात हात घातला नाही.

विंच, म्हणजे गाडीला लावलेलं दोर गुंडाळून ओढायचं मोटरचं यंत्र, आमच्या बजेटच्या पार बाहेर. त्याऐवजी ३ टनाचा लिव्हर होइस्ट घेतला, हातानं दांडा मारून साखळी ओढायचा, बुटीबोरीच्या एमआयडीसीत मशिनरी उभारणारे ज्याला पुलिफ्ट म्हणतात तो. साखळी दीडच मीटर चालते अन् वजनाला जड आहे, पण बॅटरी नको का मोटर नको. चाकाखाली पकडीसाठी टाकायच्या ट्रॅक्शन बोर्डऐवजी सेंट्रिंगच्या दोन जाड फळ्या, एक फावडं, प्रेशर गेज, छोटा कॉम्प्रेसर. नागपूरजवळच्या वाडीला ट्रकवाल्यांच्या दुकानात रॅचेट बेल्ट फार स्वस्त दिसले, पण ते माल बांधायचे आहेत, गाडी ओढायला घेऊच नका.

निघालो त्या दिवशी गोरेवाड्यापर्यंत ऊन होतं आणि कळमेश्वरच्या पुढं धो धो. पांदणीत शिरण्याआधी चाकांची हवा ३२ वरून २० वर आणली, टायर पसरते अन् जमिनीला जास्त लागते, यासारखा फुकटचा उपाय दुसरा नाही. तरी नाल्याच्या उतारावर बोलेरोची मागची दोन्ही चाकं अर्धी आत गेली. मित्रानं लगेच ॲक्सिलरेटर सोडला हे फार चांगलं केलं, दाबत राहिला असता तर मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा चिखलात टेकला असता. थार मागं होती पण तिच्याखालीही तोच चिखल, झटका द्यायला पकड कुठून आणायची.

तेवढ्यात वावरातून एक काका ट्रॅक्टर घेऊन आले, हातात गंजका वायररोप. म्हटलं काका, यानं झटका नका देऊ. ते म्हणाले, "काऊन बाप्पा? लोखंड आहे, तुटते का कुठं?" त्यांना रोपाच्या तुटलेल्या तारा दाखवल्या, म्हटलं तुटला तर मागं सरळ काचेवर येईल. त्यांनी हात लावून पाहिल्या आणि रोप खाली ठेवला, मग स्वतःच फावडं घेऊन चाकासमोरचा चिखल काढायला लागले. खणण्याला लोक कंटाळतात पण जुना ढोबळ हिशोब आहे, चाक अर्धं, म्हणजे हबपर्यंत, आत गेलं तर गाडीच्या वजनाएवढा जोर लागते, मडगार्डपर्यंत गेलं तर दुप्पट. जितकं खणाल तितकं होइस्टचं काम हलकं.

समोर धुऱ्यावर चांगली जाड बाभूळ होती. तिच्या बुंध्याला अगदी खाली पिवळा स्लिंग गुंडाळला, शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा उलटी घेतली म्हणजे ताणाखाली जाम होत नाही, दुसरा स्लिंग बोलेरोच्या चेसिसला बोल्ट केलेल्या पुढच्या हुकाला, मध्ये होइस्ट. टोइंगच्या गोळ्याला कधीच लावू नका, तो तुटून गोळीसारखा उडतो आणि त्यानं लोक मेले आहेत. ओलं पोतं स्लिंगवर टाकलं, सगळ्यांना बाजूला केलं, फळ्या चाकाखाली सरकवल्या, फळी मागं फेकली जाते म्हणून मागं कोणी नको. मग मी दांडा मारायला लागलो. टक, टक, एकेक दात, स्लिंग घट्ट होत गेला, बाभळीची साल थोडी दबली, आणि एवढा वेळ काहीच नाही. मग चाकाजवळ चिखलातून एक बुडबुडा फुटला अन् मातीनं पकड सोडली. मित्रानं पहिल्या गिअरमध्ये हलका क्लच सोडला आणि गाडी वीतभर पुढं. साखळी संपली की दगड लावायचे, ढिली करून पुन्हा जोडायचं, असं करत पाऊण तासात गाडी कडक जमिनीवर. काका म्हणाले हे यंत्र आमच्या बैलगाडीलाही कामी येईल, कुठं मिळते. त्यांना दुकान सांगितलं.

बागेत मृग बहाराची फुलं धरली होती, झुणका भाकर झाली, ते वेगळं लिहीन.

परत डांबरीवर आल्याबरोबर कॉम्प्रेसर लावून हवा ३२ केली, कमी हवेनं हायवेला पळवलं तर टायर तापून फुटू शकते. घरी स्लिंग साध्या पाण्यानं धुतले, कारण चिखलातली बारीक रेती धाग्यात राहिली की आतून कापत जाते, आणि सावलीत वाळवले, ऊन नायलॉन अन् पॉलिस्टर दोन्हीला खाते. धुताना बाभळीकडच्या स्लिंगची कड एका जागी उसवलेली दिसली. तो आता सामान बांधायला ठेवला, ओढायला नाही, दिवाळीआधी इतवारीत जाऊन दुसरा पिवळा आणायचा आहे.