खंड पडला नाही

हिट अँड मिस इंजिनाचा आवाज ज्यानं ऐकलेला नाही, त्याला आधी तो समजावून सांगायला हवा. एक ठोका पडतो, धाड्. त्यानंतर इंजिन नुसतं घरंगळत राहतं, फुस्, फुस्, फुस्, सहा-सात वेळा. वेग उतरला की पुन्हा धाड्. नवख्या माणसाला वाटतं इंजिन बिघडलंय, आचके देतंय. पण हे खंड म्हणजेच त्या इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे वेगाला आवर घालणारी रचना. मोकळं चालताना खंड पडतायत तोवर सगळं ठीक आहे. रविवारी खंड पडला नाही, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून तो आवाज जात नाही.

इंजिन दीड हॉर्सपॉवरचं, वर पाण्याची उघडी टाकी असलेलं. एका संग्राहकानं सात महिन्यांपूर्वी आणून टाकलं, तेव्हा पिस्टन जाम होता. लोकांना वाटतं जाम पिस्टन सोडवणं हेच मोठं काम. तसं नाही. डिझेल भरून ठेवायचं, लाकडी ठोकळा लावून रोज थोडं ठोकायचं, घाई करायची नाही. महिन्याभरात बहुतेक पिस्टन हलतात. खरा घाम निघतो तो फ्लायव्हीलच्या, म्हणजे बाजूच्या जड चाकांना दांड्याशी जखडणाऱ्या, चाव्या काढताना. निमुळती, डोकं असलेली चावी शंभर वर्षं त्या खाचेत गंजून बसलेली असते. डोक्यामागे पाचर मारली आणि डोकं तुटलं, तर उरलेली चावी ड्रिलनं पोखरून काढायची. बिडाच्या हबला तडा गेला तर मात्र सगळंच संपलं. माझ्या दोन्ही चाव्या अखंड निघाल्या. बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल, म्हणजे मऊ मिश्रधातू, मी स्वतः ओतलं आणि निळा रंग लावून, एकेक उंचवटा बघत खरवडून बसवलं.

पण या इंजिनात माझा सगळ्यात जास्त जीव जडला तो इग्नायटरवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागावर. याला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरच्या आत दोन टोकं असतात, एक स्थिर, एक हलतं. ती एकमेकांना टेकतात, प्रवाह सुरू होतो, आणि नेमक्या क्षणी हलतं टोक झटक्यात सुटतं. त्या सुटण्यात ठिणगी पडते. स्थिर टोक बाकीच्या लोखंडापासून वेगळं ठेवायला अभ्रकाचे वायसर लागतात. तयार वायसर धड मिळेनात, म्हणून मी अभ्रकाचे पापुद्रे सुटे करून, कागदासारखे कापून, एकावर एक रचून नटाखाली दाबून बसवले. टोकांच्या मध्ये कार्बनचा ठिपका जरी बसला तरी इंजिन मुकं. तीन वेळा उघडलं, तीन वेळा पुसलं. चौथ्यांदा बाहेर बाकावर ठेवून बोटानं झटका दिला, तेव्हा निळी-पांढरी, जाडजूड ठिणगी पडली. तिचा टक् असा आवाजसुद्धा आला.

इथेच मी एक निर्णय घेतला. इंजिन माझ्याकडे आलं तेव्हा त्याला सहा व्होल्टची बॅटरी, कॉइल आणि एक साधं बटण जोडलेलं होतं, कुणीतरी नंतर केलेली सोय. मूळची रचना ऑसिलेटर मॅग्नेटोची. त्यात स्प्रिंग रोटरला झटका देते आणि वीज तिथल्या तिथेच तयार होते, बॅटरी लागत नाही. मालकाला मूळचंच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. बॅटरीची पेटी काढली, बटण काढलं, मॅग्नेटो दुरुस्त करून बसवला. दिसायला देखणं झालं. इंजिन बंद करण्याचा हाताशी असलेला एकमेव उपाय आपण काढून टाकतोय, हा विचार तेव्हा एकदाही मनात आला नाही.

आता लॅचबद्दल. कॅमनं, म्हणजे फिरत्या उंचवट्याच्या चकतीनं, ढकललं की पुशरॉड हा दांडा पुढे जातो आणि जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. वेग ठरल्यापेक्षा वाढला की फ्लायव्हीलवरची वजनं बाहेर फाकतात आणि एक आडवा हात, म्हणजेच लॅच, पुशरॉडच्या खाचेत ढकलतात. पुशरॉड तिथेच अडकतो, एक्झॉस्ट उघडाच राहतो. इंधन आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हला कॅम नसतो. तो सिलिंडरच्या ओढीनं उघडतो, आणि एक्झॉस्ट उघडा असला की ओढच तयार होत नाही. इंधन येत नाही, दाब बनत नाही, मॅग्नेटोसुद्धा त्याच पुशरॉडवर चालत असल्यानं ठिणगी पडत नाही. इंजिन मोकळं फिरत राहतं. एवढ्या साध्या लोखंडी पट्ट्यांमधून केवढी शहाणी रचना आहे ही! मात्र तिची एक अट आहे. कॅमनं पुशरॉड त्या खाचेच्या जरासा पलीकडे, साधारण पाव सूत, न्यायला हवा. तेवढी जागा मिळाली तरच लॅच पूर्ण आत बसतो. कॅमवर फिरणारा रोलर झिजला, त्याची पिन झिजली, की ते पाव सूत कमी कमी होत जातं. लॅच मग खाचेच्या कडेवर नुसता टेकतो. वेग कमी असताना टेकलेलाही टिकतो, कारण त्याला बसायला वेळ मिळतो.

वर्कशॉपमध्ये मी इंजिन मिनिटाला तीनशेच्या आसपास फेऱ्यांवर चालवलं. सगळे तसंच चालवतात. हळू चाललं की खंड लांब पडतात, ऐकायला गोड वाटतं. प्रत्येक वेळी लॅच बसला. लॅचचं टोक आणि खाच दोन्ही मी नुसत्या डोळ्यांनी पाहिली होती, चकचकीत दिसली. सात महिन्यांत मापली नाही अशी तेवढी एकच जागा राहिली.

आणि माझ्या हाताखालच्या पोरानं मला विचारलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तो इंजिनापाशी वाकून म्हणाला, "दादा, मधूनच टिक् असं काहीतरी वाजतंय. ऐकलंत?" मी म्हणालो, लॅचच आहे तो, वाजणारच. तो गप्प बसला. वयानं आणि कामानं मोठ्या माणसानं एकदा उत्तर दिलं की आपल्या धंद्यात पोरं दुसऱ्यांदा विचारत नाहीत. ही सवय आम्हीच त्यांना लावतो.

रविवारी प्रदर्शन होतं. मालकानं धान्य भरडायची जुनी चक्की आणली होती आणि पट्ट्यावर ती चालवून दाखवायची होती. हे मला आदल्या रात्री कळलं. लोडवर चालवायचं तर वेग हवा, म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ताणली आणि पाचशेला बसवलं. इंधन सोडणारी सुई जरा जास्त उघडली. पट्टा चढवला, दाणे पडू लागले आणि इंजिनानं लोड घेतला. धाड्, धाड्, धाड्, एकही खंड नाही. लोडवर हे बरोबरच असतं. ताकद लागतेय तोवर प्रत्येक चक्राला ठोका पडणारच. ज्या आवाजानं मी एरवी सावध झालो असतो, तोच आवाज त्या वेळी योग्य होता.

मालकानं हौसेनं एक अख्खं घमेलं दाणे चक्कीत ओतले. चक्की तुंबली. पट्टा एकदा घसरला, दुसऱ्यांदा घसरला आणि निसटून माझ्या पायाशी येऊन पडला.

आता लॅच बसायला हवा होता. बसला नाही. वजनं फाकली होती, हात खाचेकडे गेला होता, आणि मला स्पष्ट ऐकू येत होतं, टिक्, टिक्, टिक्. खाचेच्या कडेवरून लॅच दर वेळी सुटत होता आणि दर वेळी कड आणखी गोल करत होता. ठोके जवळ जवळ येऊ लागले. गाडा जमिनीवर सरकायला लागला. आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं ही इंजिनाची ताकद. त्यांचा दोष नाही. आम्हीच त्यांच्यापुढे दर वेळी गोड, हळू आवाज मांडतो. हे लोखंड काय करू शकतं ते कधी सांगत नाही.

वेग दुप्पट झाला की फ्लायव्हीलमधली ऊर्जा चौपट होते आणि ते फाडू पाहणारा ताणही चौपट. बीड वाकत नाही, आधी कल्पना देत नाही, एकदम फुटतं. तुकडे जातात ते चाकाच्या पातळीत, म्हणजे इंजिनाच्या पुढे आणि मागे. म्हणून मी पोराला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट बजावली होती, चाकाच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं.

इंधन बंद करायची ती सुई होती हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या बंद टोकाच्या, बाजूला. म्हणजे त्याच रेषेत.

मी चक्कीपाशी, पट्ट्याच्या पलीकडे होतो. एक गृहस्थ लाकडी फळी घेऊन पुढे आले. फळी धावेवर दाबून चाक थांबवायचा त्यांचा विचार होता. त्यांना मी अंगानंच मागे लोटलं. फळी आऱ्यांत गेली असती तर ती त्यांच्याच छातीत आली असती. वळून बघतो तर पोरगा हेडपाशी गुडघे टेकून बसलेला, दोन्ही चाकांच्या ऐन समोर, हात मिक्सरवर, जिथे हवेत इंधन मिसळतं आणि ती सुई असते. सुई मिटली. अजून तीन-चार ठोके पडले. मग नुसता वारा, आणि मग चाकांचं लांबत गेलेलं घरंगळणं. ती चाकं थांबेपर्यंत आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

चाकं शाबूत राहिली. इनलेट व्हॉल्व्ह ओढीवर चालत असल्यानं फार वेगात त्याला पुरता श्वास घेता येत नाही, त्यामुळे वेग एका मर्यादेपलीकडे चढला नसावा असं माझं म्हणणं. पण ते नंतर बाकावर बसून केलेलं गणित झालं.

सोमवारी सगळं खोललं. रोलरची पिन एका बाजूनं चपटी झालेली. रोलर आतून ढिला. पाव सुताच्या जागी फिलर गेजचं पातळ पातं जेमतेम सरकत होतं. खाचेची कड भिंगातून पाहिली तर नखासारखी गोल. तिच्यावर रविवारच्या ताज्या, चमकत्या खुणा होत्या, पण त्यांच्याखाली जुन्या, काळवंडलेल्या खुणाही होत्या. म्हणजे हे आधीही झालं होतं. बॅटरी आणि बटण ज्या कुणी लावलं, त्यानं ते सोयीसाठी लावलं असं मी धरून चाललो होतो. आता मला वाटतं, त्याला हे इंजिन ठाऊक होतं. लॅचची दुरुस्ती त्याला जमली नसेल, पण हाताशी बटण असावं एवढं त्याला कळलं होतं. मी त्याची ती खूण नंतरची भर म्हणून भंगारात टाकली होती.

मालक म्हणाले, "जाऊ द्या हो, परत हळूच चालवू. चक्कीच नको. कुणाला सांगायची गरज नाही." मी नाही म्हणालो. आवाज चढला तो माझाच. एरवी भले माणूस आहेत, पण त्यांना इंजिन हवंय ते काचेच्या कपाटातल्या भांड्यासारखं, आणि दीड हॉर्सपॉवरचं इंजिन तसं नसतं.

नवी पिन, नवा बुश, नवा रोलर केला. खाचेचा तुकडा टूल स्टीलचा बनवला, कानशीनं कड काटकोनात आणली, पाणी दिलं, मग तापवून पिवळसर रंगावर उतरवला. लॅचचं टोकही तसंच. आता पाव सूत पुरतं मिळतं. मॅग्नेटोच्या तारेवर अर्थिंगचं, म्हणजे दाबताच ठिणगी बंद करणारं, बटण बसवलं आणि त्याची तार दहा फूट बाजूला नेली. ते मूळचं नाही आणि दिसायलाही बरं नाही.

मग पाचशेवर, पंपाच्या लोडवर चालवून चालत्या इंजिनाचा पट्टा लांब काठीनं उडवला. वीस वेळा. पोरगा बटण धरून बाजूला उभा होता. वीसही वेळा दुसऱ्या ठोक्याच्या आत लॅच बसला आणि खंड पडला. शेवटच्या वेळी मी त्याला विचारलं, टिक् ऐकू येतंय का? त्यानं बराच वेळ कान लावला. "नाही दादा. आता खट् असं वाजतंय." रविवारी तू चाकासमोर का गेलास, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. उत्तर मला ठाऊक आहे. दुसरं कुणी तिथं पोचू शकत नव्हतं, आणि बटण मी काढलं होतं.

आजवर माझ्या हातून गेलेल्या अशा इंजिनांची यादी वहीतून काढली. अकरा आहेत. सगळी तीनशेवर, मोकळी चालवून दिलेली. रोज रात्री एकेकाला फोन लावतोय. काल दुसरा लागला. पलीकडचे काका म्हणाले, "पण आमचं तर झकास चालतंय. काय आवाज येतो, वा!"

मी विचारलं, काका, पट्टा लावून कधी चालवलंय का?