चार एकर पडावर दोन जनावरांची वैरण: माझा अनुभव

खटाव तालुक्यातील आमच्या चार एकर पडावर एक घोडी आणि तिचे शिंगरू यांची वैरण निघावी, यासाठी मी गेली तीन वर्षे प्रयत्न करीत आहे. पहिल्या पावसाळ्यात दोघांना सगळ्या पडात मोकळे सोडले होते. गाय जिभेने गवत ओढून खाते. घोडा ते वरच्या-खालच्या दातांनी अगदी बुडापासून कातरतो आणि कोवळा फुटवा आला की त्याच जागी पुन्हा जातो. त्यामुळे दिवाळीपूर्वीच मारवेल गवताच्या जागा उघड्या पडल्या, आणि लीद पडलेल्या जागांचे गवत मात्र न खाल्लेले, निबर होऊन उभे राहिले.

पुढच्या वर्षी बांबू आणि दोरी लावून पडाचे चार भाग केले. गवत वीतभर झाले की जनावरे सोडायची, चार बोटे उरले की काढायची, आणि त्या भागाला तीन-चार आठवडे विसावा द्यायचा. जंतांचा फेरा तुटावा म्हणून लीद रोज उचलली.

खरी परीक्षा वाळल्या गवताची होती. आमच्या पडात कुसळी (टोकदार कुसळे धरणारे गवत) बरीच आहे. ती फुलोऱ्यात कापली तर जनावरे आवडीने खातात, पण त्याच सुमारास परतीचा पाऊस डोक्यावर असतो. पहिल्या वर्षी पाऊस संपण्याची वाट पाहिली, तेव्हा कुसळे पिकून घोडीच्या हिरड्यांत रुतली आणि जखमा झाल्या. दुसऱ्या वर्षी घाईने कापले आणि अर्धवट ओल्या गवताची गंजी रचली. आठ दिवसांनी आत हात घातला तर गंजी तापलेली होती, आत बुरशी धरली होती. आणि त्यातील गवत मी तोवर घोडीला घातलेही होते. त्या रात्री तिला पोटशूळ उठला. घोड्याला उलटी होऊ शकत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोट मोकळे करेपर्यंत तिची तडफड पाहणे फार कठीण गेले.

या वर्षी दोन भाग श्रावणापासून राखले आणि उघडीप मिळेल तसे, दोन दिवसांत वाळवता येईल एवढेच पट्टे कापले. गवत पसरून दुपारी उलटले. मूठभर गवत पिळल्यावर काडी कडकन मोडली आणि हाताला ओल लागली नाही, तरच ते दगडांच्या थरावर रचलेल्या गंजीत गेले. दहा पेंढ्या काट्यावर घालून हिशेब केला, तेव्हा गंजीत सुमारे १,४०० किलो गवत भरले. घोडीचे वजन अंदाजे ३०० किलो असल्याने वजनाच्या २ टक्के म्हणजे तिला रोज ६ किलो आणि शिंगराला ४ किलो धरले, तर नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत ते पुरेल. पुढे कडब्याची कुट्टी घालावी लागेल. ती गंजीतील गवत शिल्लक असतानाच, आठ-दहा दिवस थोडी थोडी मिसळून सुरू करणार आहे.