शिट्टी उचलायची नाही

यंदा गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला गेलो तेव्हा बॅगेत टॉवेलात गुंडाळून दोन काचेच्या बरण्या नेल्या. टॉवेलही सोलापुरीच, काही वर्षांपूर्वी इकडे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला आणलेला. बरण्यांत टोमॅटोच्या रसातले पांढरे बीन्स होते, मी स्वतः घरी भरून बंद केलेले. आईनं एक बरणी खिडकीच्या उजेडात धरली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "सप्टेंबरात शिजवलेलं? अन् फ्रिजच्या बाहेर?"

तिचा संशय रास्त होता. आमच्या घरात टिकवायचं म्हणजे वाळवायचं. मे महिन्यात गच्चीवर पाय ठेवता येत नाही, त्या उन्हात कुरडया, सांडगे, पापड दोन-तीन दिवसांत खडखडीत होतात. पाणीच राहिलं नाही तर नासणार काय? ओहायोत तसं ऊन नाही. तिथल्या बायका, आणि अलीकडे माझ्यासारखे काही पुरुषही, ऑगस्ट-सप्टेंबरात टोमॅटोचा ढीग आला की बरण्या भरायला बसतात. आमच्या शेजारच्या आजींच्या तळघरात भिंतभर फळ्या आहेत आणि त्यावर बरण्याच बरण्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या आजोळची धान्याची कोठी आठवली. स्क्रूच्या झाकणाची ही बरणी, जिला अजून सगळे मेसन जार म्हणतात, तिचं पेटंट १८५८ सालचं आहे.

बीन्स मी आजींकडूनच शिकलो. मूळ कृतीत प्रत्येक बरणीत डुकराच्या मांसाचा एक तुकडा टाकतात, पण तो ऐच्छिक आहे. आम्ही शाकाहारी, त्यामुळे तुकडा गाळला. वेळ आणि दाब तेवढाच ठेवायचा. नऊ पाइंट बरण्यांना, म्हणजे अर्ध्या लिटरला थोड्या कमी अशा बरण्यांना, साधारण दीड किलो कोरडे बीन्स लागतात. दाणा आपल्या राजम्याच्या कुळातला, पण पांढरा आणि बारीक. रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात उकळी आणायची. रसासाठी साधारण लिटरभर टोमॅटोरस, तीन मोठे चमचे साखर, दोन छोटे चमचे मीठ, चमचाभर कांदा, आणि लवंग, ऑलस्पाइस नावाचा तिकडचा मसाला, जायपत्री, लाल तिखट प्रत्येकी पाव छोटा चमचा. पाव चमचा तिखट! आमच्याकडं एवढं तर चुकून सांडतं.

मी साहजिकच हात सैल सोडायला निघालो. लसूण ठेचून घालू, तेलाची फोडणी देऊ, थोडा शेंगदाण्याचा कूट घालून रस्सा दाट करू. आजींनी चमचा हातातून काढून घेतला. आपला सगळा स्वयंपाक अंदाजानं चालतो. मीठ किती, तर "चवीपुरतं". इथे तो अंदाज जिवावर बेतू शकतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजं साध्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, आणि हवा नसलेली, आंबटपणा कमी असलेली बरणी त्यांना मानवते. ती मारायला ११६ ते १२१ अंश उष्णता लागते, आणि ती दाबाखालच्या वाफेतच मिळते. कूट घातला की रस्सा दाट होतो, उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत वेळेत पोचत नाही. टोमॅटो आंबट असला तरी दाणे आंबट नसतात, म्हणून लोणच्याचा हिशेब इथे लागू होत नाही.

तेव्हा बरण्या पाऊण भागच दाण्यांनी भरायच्या, वर उकळता रस, काठापासून इंचभर जागा मोकळी. मोठ्या प्रेशर कॅनरमध्ये, म्हणजे बरण्या दाबाखाली शिजवायच्या भांड्यात ठेवून आधी दहा मिनिटं नुसती वाफ सोडायची, मग दहा पौंडांचं वजन लावून ६५ मिनिटं. आपला घरचा कुकर चालत नाही. तोही दाब देतो, पण छोटा असल्यानं झटकन तापतो आणि झटकन निवतो, आणि ही मिनिटं मोठ्या भांड्याचं सावकाश तापणं-निवणं धरूनच ठरवलेली आहेत.

हे सगळं ऐकूनही पहिल्या खेपेला मी माती खाल्लीच. ६५ मिनिटं झाली, गॅस बंद केला, आणि सवयीनं चमच्यानं वजन उचललं. वरणभाताच्या घाईत आपण शिट्टी उचलतो, कुकर नळाखाली धरतो, अगदी तसंच. बाहेरचा दाब एकदम पडला आणि बरण्यांच्या आतला रस झाकणाखालून उसळून बाहेर आला. कॅनर उघडला तर पाणी लालभडक, बरण्या अर्ध्या, चार झाकणं बसलीच नाहीत. आजी काही बोलल्या नाहीत. त्या चार बरण्या आम्ही त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी खाल्ल्या. दाब आपोआप शून्यावर येऊ द्यायचा, त्यात अर्धा-पाऊण तास गेला तर जाऊ द्यायचा, हे मग डोक्यात बसलं. नीट झालं की बरण्या निवताना झाकणं एकेक करून टिंग वाजतात. तो आवाज मला आता आवडतो.

सोलापुरात हे सगळं सांगितल्यावर आई म्हणाली, "मग इथंच भरू की आपण." मी म्हटलं, इथे दहाचं वजन चालणार नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे पंधराशे फुटांवर आहे, आणि हजार फुटांच्या वर पंधरा पौंडांचं वजन लागतं. कोलंबस नऊशेच्या आसपास, म्हणून तिथे दहा पुरतं. तिला हे पटलं नाही. "सोलापूर कसलं उंच? सपाट तर हाय सगळं."

रविवारी एक बरणी उघडली. आधी बारा मिनिटं खळखळून उकळली, तीही घरच्या बरण्यांसाठीची खबरदारी. मग ती पातेल्यासकट आईच्या ताब्यात दिली. तिनं मोहरी-लसणाची फोडणी दिली, काळं तिखट घातलं, मूठभर कूट घातला. जे जे आजींनी करू दिलं नव्हतं ते ते सगळं. कडक भाकरी कुस्करून त्यावर रस्सा ओतला. काका दोनदा जेवले. आई शेवटपर्यंत म्हणत होती, "तरी गोड लागायलंय."

दुसरी बरणी तिथेच राहिली, फळीवर शेंगाचटणीच्या डब्याशेजारी. निघताना मी सांगितलं होतं, झाकण मधून फुगलेलं दिसलं तर चव न घेता फेकून दे. आता आई येताजाता बोटानं झाकण दाबून बघते. काल फोनवर तब्येत वगैरे झाल्यावर आपणहून म्हणाली, "अजून खोलगटच हाय."