भोक मोठं की लहान?

प्रसरणाचा धडा सरांनी वर्गात सुरूच केला नाही. आठवीच्या आख्ख्या वर्गाला ओळीनं शाळेमागच्या लोहाराकडे नेलं. तिथं बैलगाडीच्या लाकडी चाकाला धाव, म्हणजे बाहेरचं लोखंडी कडं, चढवायची होती. सरांनी सुतळीनं दोन्हींचा घेर मोजायला लावला. धाव चाकापेक्षा बोटभर कमीच भरली, आणि ती मुद्दामच तशी केलेली. मग सर म्हणाले, "लोखंड तापलं की वाढतं, कबूल? मग मधलं भोक मोठं होणार की लहान?"

झालं! वर्गात उभी फूट. पहिल्या बाकावरचे म्हणाले लहान. लोखंड आतल्या बाजूलाही फुगणारच की. मागून आवाज आला, "सर, मग धाव चढंल कशी?" सर मिशीत हसले, बोलले काहीच नाहीत.

गोवऱ्यांच्या आगीत धाव लालभडक झाली. चौघांनी सांडशींनी उचलून ती चाकावर टाकली. लाकडातून धूर निघाला, घणाचे चार ठोके पडले आणि लगेच बादल्या ओतल्या. धाव आवळत गेली तसे आरे करकरत मधल्या तुंब्यात घट्ट बसले. ती करकर ऐकल्यावर 'आकुंचन' हा शब्द कुणाला पाठ करावा लागला नाही.

गणित दुसऱ्या दिवशी. अंशामागे लोखंड लांबीच्या दहा लाखांत 12 भाग वाढतं. साडेचार मीटर घेराची धाव 500 अंशांनी तापली तर 2.7 सेंटीमीटर वाढ, म्हणजे कालची तूट भरून वर मोकळीक. प्रयोगशाळेतल्या गोळा-कड्यात आपण गोळाच तापवतो, त्यामुळे भोकाचा प्रश्न कुणाला पडतच नाही.

पोर्शन मागे पडायचा, पालक कुरकुरायचे, हेही खरं.

सांगलीत सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो: ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा ढग, आणि 7 मेच्या सुमारास, तेव्हा सुट्टी. सरांनी सुट्टीतच बोलावलं. मैदानात काठी रोवून आम्ही खडूनं सावलीच्या खुणा करत बसलो. बारा वाजले तरी सावली होतीच. ती बुडात गेली साडेबाराच्या आसपास. घड्याळ मिर्झापूरवरून जाणाऱ्या 82.5 रेखांशाचं, आपण त्याच्या 8 अंश पश्चिमेला, अंशाला 4 मिनिटं. हा हिशेब समजून घ्यायला सरांनी आम्हाला भर उन्हात भूगोलाच्या बाईंच्या घरी पिटाळलं. बाईंनी आधी सरबत दिलं, मग सरांच्या नावानं बोटं मोडली आणि मग पृथ्वीचा गोल काढला.